बिनभोंग्याचा हादरा

मांढरेबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी भिंतीला विचारायच्या, मग माणसाला. मधल्या बोटाचं पेर वाकवून भिंतीवर ठोकायच्या, एकदा खांद्याच्या उंचीवर, एकदा कमरेजवळ, एकदा कोपऱ्यात. मान कलती, डोळे मिटलेले. घरमालक दारात "या ना बाई" म्हणत उभा, आणि बाई त्याच्या भिंतीचं ऐकताहेत. मनासारखं उत्तर आलं तर आत बसायच्या. नाहीतर म्हणायच्या, "अंगनातच बसू बाप्पा, हवा चांगली हाये."

घुग्घुसच्या बाजूला हवा चांगली कधीच नसते. अंगणात चहा ठेवला तर त्यावर कोळशाची साय धरते. त्यामुळे बाई अंगणात बसल्या की त्या घराचं काही खरं नाही हे शेजाऱ्यांना कळायचं, आणि घरमालक चिडायचा. गावानं त्यांना नाव ठेवलं होतं, ठोकबाई.

"मध्यम स्वरूपाचा भूकंप, कोणतीही जीवित वा वित्तहानी नाही." असली बातमी दिसली की आजही माझ्या हाताला पत्रक लिहायची खाज सुटते. हानी नाही हे कोणी पाहिलं? किती भिंती ठोकल्या? मोबाइलवर बातमी यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात एका तरी घराच्या आत कोणी वाकून पाहिलं का? असं मनात येतं आणि मागोमाग मांढरेबाई येतात.

बाई त्या गावच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मूळच्या मूल तालुक्याकडच्या, तलावावर मासे धरणाऱ्या घरातल्या. निवृत्त झाल्यावरही गावातच राहिल्या. गाव उघड्या कोळसा खाणीच्या काठाला. दुपारी खाणीचा भोंगा वाजतो, मग ब्लास्टिंग होतं. कधी कधी दगड उडून शेतात येतात, म्हणून खाणीच्या जीपनं वर्षानुवर्षं गल्लोगल्ली फिरून शिकवलं होतं: भोंगा वाजला की घरात जा. बायका आत जाऊन फळीवरच्या भांड्यांवर तळहात ठेवून उभ्या राहायच्या. धप्प व्हायचं, छपराच्या कवेलूंतून धूळ गळायची, भांडी सोडून बायका पुन्हा कामाला लागायच्या. नवी आलेली सून हीच गोष्ट सासूकडून आठवडाभरात शिकायची.

भिंतींना भेगा पडत होत्या. त्याविरुद्ध गावानं आंदोलन उभारलं होतं. पुढारी गुलाबभाऊ, कापूस-सोयाबीनचे शेतकरी, आवाज मोठा आणि मन साफ. त्यांच्याच कल्पनेतून गावातल्या प्रत्येक भेगेभोवती गेरूनं गोल काढलेला. भेग बुजवायची नाही, लिंपायची नाही, सरकारी तपासणी पथक येईपर्यंत तशीच ठेवायची. पुरावा आहे तो. मी चंद्रपूरहून पत्रकं घेऊन पहिल्यांदा गेले तेव्हा गावातली घरं गोंदल्यासारखी दिसत होती.

"बाईले एक दे," गुलाबभाऊ म्हणाले. "पर सांभाळून. त्या नुसत्या घेत नाई, वाचते."

बाईंनी पत्रक घेतलं नाही. आधी माझी स्कूटी पाहिली.

"कोनाची तू?"

"आंदोलनाची."

"मडगार्डवर धूळ नाई. रस्त्यानं आली का आकाशातून?"

मी नाल्यावर स्कूटी पुसली होती. तसं सांगितलं. बाईंनी "हं" केलं. त्या 'हं'चा अर्थ मला महिनाभरानं कळला. मी खाणीची माणूस आहे असं त्यांना वाटत होतं. बैठकीत मी आले की त्या बोलता बोलता थांबायच्या आणि सगळ्यांकडे अशा पाहायच्या की बाकीचेही थांबायचे. पुढे गैरसमज मिटला, पण माफी नाही. मी एकदा टोकलंच. म्हणाल्या, "खोटा संशय घेतला तं मानूस रुसते. खोटा भरोसा ठेवला तं..." वाक्य तिथंच सोडलं. अशी अर्धी वाक्यं सोडून त्या उठून जायच्या, ती आपण पुरी करायची.

त्या दिवशी पत्रकाचा मथळा होता, 'खाणीचे हादरे, जनतेच्या छातीवर घाव', पुढे तीन उद्गारचिन्हं. बाईंनी कंबरेच्या पिशवीतून लाल पेन काढलं.

"ह्या तीन काठ्या कायले उभ्या केल्या? मजकुराले टेकू?" दोन खोडल्या. मग खालच्या ओळीवर बोट. "'गावातील सर्व भेगा ब्लास्टिंगमुळे.' सर्व? तू पाह्यल्या सर्व?"

"बाई, पत्रक असतं ते."

"मंग पत्रकात खोटं चालते काय?"

संशय हा त्यांचा श्वास होता. दूध आलं की वास, सिलिंडर आला की साबणाचं पाणी, मांडवात गेल्या की आधी दोरीला हिसका. लसीच्या सिस्टरला डबा उघडून बर्फ दाखवायला लावायच्या. बिस्किटाचा पुडा हातात घेऊन म्हणायच्या, "पुडा तेवढाच हाये, बिस्कीट बारीक झालं. कोणी बोलते काय?" आणि चुकायच्या, बरं का. चांगल्या दणदणीत चुकायच्या. घुग्घुसला एका लग्नाच्या हॉलमध्ये त्यांनी खांब ठोकला, तो पोकळ वाजला. बाईंनी अख्खी पंगत उठवून बाहेर उन्हात काढली. नवरदेवाच्या मामानं खांब हलवून दाखवला. प्लायवूडचा, सजावटीचा. वऱ्हाड पोट धरून हसलं. बाईंनी जिलबी घेतली आणि म्हणाल्या, "सजावटीचा हाये तं खांबावानी काऊन उभा केला?"

त्यांच्या तोंडी बापाची एक गोष्ट नेहमी असायची. बाप तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, राखायचा. पाळीवरून अनवाणी चालायचा, तळव्याला ओल लागली की खाली बसायचा. "माहा बाप तळपायानं वाचे," बाई म्हणायच्या. "पाळ ज्या दिवशी हलते त्या दिवशी फुटत नाई. लोकायचं ध्यान दुसरीकडं गेलं का फुटते."

*

त्या सकाळी मी अंगणवाडीच्या अंगणात होते. अंगणवाडी म्हणजे समाजमंदिराची जुनी खोली. विटा-मातीच्या भिंती, वर पत्र्याच्या टिना, टिना उडू नयेत म्हणून वर दगड. एका भिंतीला गावातली सगळ्यात मोठी भेग, दोन गेरूच्या गोलांत, आमच्या आंदोलनाची मानकरी. कोणी पाहुणा आला की त्याला आधी तीच दाखवायची. समोरची भिंत नवीन रंगवलेली, अ अननसाचा, आ आईचा.

मुलं अंगणात बसली होती. सेविका वैशालीताई खिचडी ढवळत होती. बाई रोजच्यासारख्या न बोलावता आल्या होत्या आणि खिचडीत डाळ किती ते वाकून पाहत होत्या. एवढ्यात पातेल्यातला पळा वाजायला लागला. हापशीचा दांडा आपोआप मान हलवू लागला. पायाखाली कोणीतरी सतरंजी हळूच ओढतंय असं वाटलं.

मुलं उठली. एकही रडलं नाही. शिकवल्याप्रमाणे धावत आत गेली आणि अक्षरांच्या भिंतीला पाठ लावून, डोक्यावर हात ठेवून ओळीनं उभी राहिली. वैशालीताई त्यांच्यामागे. समोरच्या घरातली म्हातारी ओट्यावर तांदूळ निवडत होती, तीसुद्धा सूप टाकून आत पळाली, भांडी धरायला. मी दाराच्या चौकटीत घुसले. अख्खं गाव घरात शिरलं.

अंगणाच्या मधोमध बाई एकट्या उभ्या होत्या आणि ओरडत होत्या.

"बाहेर! बाहेर या रे सारे! भोंगा कुठी वाजला? भोंगा कुठी वाजला?"

कोणीच बाहेर आलं नाही. मग हलणं थांबलं. खिचडी तशीच, टिना तशाच, भिंती तशाच. शेजारच्या घरांच्या कवेलूंची थोडी धूळ.

गुलाबभाऊ धावत आले. त्यांची नात परी त्याच अंगणवाडीत. ती डोक्यावर हात ठेवून उभी होती ते पाहून त्यांची छाती फुगली. "पाह्यलं बाई? एका मिनिटात सारे पोट्टे आत! याले म्हणते ट्रेनिंग."

बाई जमिनीवर बसल्या होत्या. वय झालं तरी त्यांना मी कधी असं मांडी न घालता, कशाही बसलेलं पाहिलं नव्हतं. "सारे त्या भिंतीखाली होते, गुलाबभाऊ," त्या म्हणाल्या. "सारेच्या सारे."

थोड्या वेळानं मोबाइलवर आलं. भूकंप. केंद्र नदीपल्याड, तेलंगणाच्या बाजूला. मध्यम. हानी नाही.

गावाचा विश्वास बसला नाही. "खाणवाल्यायनच बातमी सोडली असंन," पारावर ठरलं. "सकाळीच बारुदीचा जास्त माल ठोकला, आता भूकंपाच्या नावावर ढकलून राह्यले." सांगायला हरकत नाही, मलाही तसंच वाटलं. आमच्या कामात एक शिस्त असते, समोरच्याचं काहीही पहिल्या दमात खरं मानायचं नाही. आणि ही खाण खरं बोलल्याचं मला तरी आठवत नाही.

बाई म्हणाल्या, "खान खोटारडी हाये म्हनून जमीन हालूच शकत नाई काय?"

"पर बाई, हानी तं नाई झाली ना."

"कोनाले विचारलं? भिंतीले विचारलं?"

त्यांनी विचारलं. तासभर त्या खोलीत बोटाचं पेर लाल होईपर्यंत ठोकत राहिल्या. भेगेची भिंत ठणठण वाजली. भेग वरच्या गिलाव्यातच होती, आतली वीट शाबूत. आणि समोरची, जिला भेगेचा केससुद्धा नव्हता ती अननसाची भिंत, कमरेपासून खाली बद्द वाजत होती. ओल्या ढोलकीसारखी. तिच्यातलं दार कालपर्यंत बोटानं ढकललं तरी झुलायचं, ते त्या सकाळपासून फरशीला घासत होतं.

*

आता खरी भानगड. पथक आठवड्याभरात येणार होतं. पारावर बैठक बसली. बाई उभ्या राहिल्या आणि शाळेच्या मराठीत बोलल्या. त्या शाळेच्या मराठीत बोलू लागल्या की समजायचं, वाद आहे.

"अंगणवाडीची खोली आजपासून बंद करा. ती भिंत उतरवा."

"भेगवाली? तो तं पुरावा हाये."

"भेगवाली नाही. अक्षरांची."

लोक हसले. मग हसायचे थांबले. मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, भूकंप भूकंप करून तुमी कोनाचं काम करून राह्यल्या? पथकानं भूकंप लिवला का खान सुटली."

"बाईचा भाचा कोन्त्या कंपनीत हाये?" दुसरा.

"चांगली भिंत पाडा, भेगवाली ठेवा. काऊन?" तिसरा.

मला वाटलं बाई पेटतील. पण त्या ऐकत होत्या, एखादा गवई दुसऱ्याचं गाणं ऐकतो तशा. "बरोबर," म्हणाल्या. "संशय बरोबर घेऊन राह्यले. पर मानसावर घेऊन राह्यले. भिंतीवर घ्या."

"बाई, मोठा भूकंप नाई झाला. एक कवेलू नाई पडलं," गुलाबभाऊ म्हणाले.

"मोठा झाला असता तं तुमी आज अंगनात खाट टाकली असती. हा मधला हाये म्हनून घरात झोपान. ब्लास्टिंगनं भिंत रोज मोकळी केली, त्याच्यावर हे आलं. उद्या नुसता ट्रक गेला तरी पुरे होईन. मंग कोनाचं नाव लिवान? ट्रकचं?" त्या थांबल्या. "दोघंही चोर हायेत, गुलाबभाऊ. एकाले धरलं म्हनून दुसरा साधू होत नाई. तुमची परी त्या भिंतीले पाठ लावून उभी होती."

"रोजच राह्यते."

"तेच तं."

ठराव काही झाला नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी घरून खुर्ची आणली आणि अंगणवाडीच्या दारात आडवी टाकून बसल्या. मुलांना कडुनिंबाखाली बसवलं. काही आयांनी मुलं परत नेली. एकीनं तर जाताना ऐकवलं, "आमच्या पोरायले उन्हात बसवाले कोनी सांगतलं तुमाले?" बाई म्हणाल्या, "त्या भिंतीनं." अशानं माणूस जिंकतं काय? वैशालीताई मधल्यामध्ये रडकुंडीला आली.

आणि बाईंनी एक खेळ सुरू केला. थाळी आणि चमचा, तो झाला भोंगा. थाळी वाजली की सगळ्यांनी बाईंच्या पडवीत पळायचं. पडवी बाईंनी स्वतः ठोकून घेतलेली. पण कडुनिंबाच्या फांदीला रिकामे डबे बांधलेले होते. थाळी न वाजता डबे हलले की पडवीत नाही, झाडाखाली नाही, भिंतीपाशी तर नाहीच, थेट मैदानाच्या मधोमध. बाई हातात थाळी धरायच्या, वाजवायचं सोंग करायच्या आणि पायानं दोरी ओढायच्या. मुलं फसायची, किंचाळायची, "पुन्हा!" म्हणायची. ज्या आयांनी मुलं नेली होती त्यांची मुलंच आयांना ओढून आणू लागली.

मग गुलाबभाऊंच्या घरी एक प्रकार झाला. भाऊ दुपारी जेवायला बसलेले. मागच्या रस्त्यानं कोळशाचा ट्रक गेला, फळीवरचे पेले वाजले. परीनं आजोबांचा हात भातातून ओढला आणि त्यांना ओढत अंगणात आणलं.

"ट्रक होता ना वो माय!"

"भोंगा कुठी वाजला, आबा?"

हे मला परीच्या आईनं सांगितलं, हसत हसत. भाऊ हसले नाहीत म्हणे. उष्ट्या हातानं अंगणात उभे राहिले आणि घराच्या भिंतीकडे पाहत राहिले. त्या संध्याकाळी अंगणवाडीच्या खोलीत कोणीतरी ठोकत असल्याचं वैशालीताईनं ऐकलं. बाई असतील म्हणून पाहिलं, तर गुलाबभाऊ. तिला बघून म्हणाले, "उंदीर हाये का पाहून राह्यलो."

दुसऱ्या सकाळी ते चार माणसं आणि लोखंडी सब्बल, पहारी घेऊन आले. "भेगेले कोनी हात लावाचा नाई," मोठ्या आवाजात म्हणाले, सगळ्या गावाला ऐकू जाईल असे. "अक्षरंवाली पाडा एकदाची. नाईतर ही बाई आपल्याले जेवू नाई देत."

आधी वरचे दगड उतरवले. मग टिना. मग दोघं सब्बल घेऊन भिंतीपाशी गेले. पहिला घाव पुरता बसलाही नव्हता. भिंत आतल्या बाजूला गेली, एकदम, अख्खी, कणाच नसल्यासारखी. अननस, आई, इमारत सगळे सतरंज्यांवर पालथे पडले. उरलेल्या बुडख्यात दिसलं की विटांचे दोन थर एकमेकांना कधीच सोडून गेले होते. मधल्या मातीचं पीठ झालं होतं, थर बांधून धरणाऱ्या लाकडाला उधईनं पोखरलं होतं. गुलाबभाऊंनी त्या फटीत हात घातला. कोपरापर्यंत गेला.

मुलं मैदानात होती, त्यांचा तेवढा आवाज.

मग मागचा एक जण म्हणाला, "सब्बल मारली तं पडनच ना."

"हव," बाई म्हणाल्या. "बरोबर हाये."

एवढंच. मी चिडले. म्हटलं, बाई, सांगा की त्यांना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांना ठाऊक होतं की जी भिंत कोणाच्या अंगावर पडली नाही तिचा पंचनामा होत नाही. पथक आलं, गेरूच्या गोलातल्या भेगेचे फोटो काढले, एक भिंत कुठं आहे म्हणून विचारलं, "आमीच पाडली" ऐकून मान हलवली आणि गेलं. गावातले काही जण आजही म्हणतात की बाईंनी चांगली भिंत पाडायला लावली. त्यांना खोटं कसं पाडणार?

पुढचं पत्रक मात्र बाईंनी सांगून माझ्याकडून लिहून घेतलं. भोंगा वाजला तर आत. भोंगा न वाजता हललं तर बाहेर, मोकळ्यात. थांबल्यावर घरात शिरायच्या आधी दारं-खिडक्या अडकतात का पाहा. छपरावरचे दगड उतरवा. भेगेचा फोटो काढा, पुराव्याला तो पुरे, आणि मग भेग उघडून आत पाहा. जिथं भेग नाही तिथं आधी पाहा. शेवटी मी विचारलं, खाणीबद्दल काहीच नाही? त्यांनी पेन घेतलं आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'खाणीवरचा संशय कायम ठेवावा.' मी त्यापुढे एक उद्गारचिन्ह टाकलं. एकच. त्यांनी ते राहू दिलं.

*

बाईंना शेवटचं पाहिलं ते घुग्घुसच्या बसथांब्यावर. मूलकडे भावाकडे निघाल्या होत्या. भाऊ अजून त्याच तलावावर मासे धरतो. त्याचा फोन आला होता की त्या सकाळच्या हादऱ्यानंतर पाळीच्या माथ्यावर एक लांब बारीक रेघ दिसतेय, आणि सगळे म्हणताहेत काही नाही, उन्हानं तडकली असेल. बाईंनी फोन ठेवला आणि पिशवी भरली. गुलाबभाऊंनी त्यांना मोटारसायकलवर आणलं, मी मागून पिशवी घेऊन.

थांबा नवाकोरा होता. चकचकीत खांब, वर कोणा पुढाऱ्याचा हसरा फोटो. बाईंनी चप्पल सारखी केली, खांबाला मधल्या बोटानं ठोकलं, मान कलती करून ऐकलं आणि रस्ता ओलांडून उन्हात जाऊन उभ्या राहिल्या. ट्रकांची धूळ त्यांच्या अंगावरून जात होती.

"बाई, इथी सावलीत या ना!" गुलाबभाऊंनी हाक मारली.

"राहू द्या. हवा चांगली हाये."

गुलाबभाऊंनी मान वर करून थांब्याच्या छताकडे पाहिलं. खांबाकडे पाहिलं. खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावर घेतला आणि तेही रस्ता ओलांडून बाईंच्या शेजारी गेले.

"आत मच्छर हायेत," ते म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी रस्त्यापलीकडून माझ्याकडे पाहिलं. मी अजून सावलीत, त्यांची पिशवी छातीशी धरून.

"काऊन वो पोरी," त्यांनी विचारलं, "तुले नाई चावत?"